बाकड्याला ना हरकत

"‘बाकडं काढू नका’ असं लिहायचं नसतं, हौसाक्का," मी म्हणालो. "अर्जात हुकूम सोडत नाहीत."

"मग काय करत्यात?"

"विनंती करतात."

"मग इनंती करा. पर बाकडं काढू नका, अशीच इनंती करा."

मी हसलो. समोरच्याला आपल्यापेक्षा कमी कळतं याची पक्की खात्री असलेला माणूस हसतो, तसा. या गोष्टीला अठरा वर्षं झाली, पण ते हसू आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

ज्या बाकड्याबद्दल बोलणं चाललं होतं त्याच्याच टोकाला मी बसलो होतो. खाली वर्तमानपत्र पसरून, कारण पँटला डाग पडलेला मला खपत नसे. मांडीवर फाइल, फाइलवर कोरा कागद आणि शेजारी चहाचा ग्लास. मेन रोडच्या फुटपाथवरचं हे बाकडं दहा फूट लांब होतं, शिसवी. हौसाक्कांच्या मालकांनी ते बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजच्या लिलावातून आणलं होतं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुकान सहा फूट रुंद. आत चुलाण, दुधाचं पातेलं आणि स्वतः हौसाक्का एवढं मावलं की चौथ्या गोष्टीला जागा नसे. गिऱ्हाईक सगळं बाहेर, बाकड्यावर. बाजारातले हमाल, भाजी विकून झालेल्या बायका, मिलमधून कमी केलेले म्हातारे, आणि रोज सकाळी दहाला मी.

बाकड्याची चार फुटं शेजारच्या दुकानाच्या हद्दीत जात. शेजारी सायकलवाला होता तोवर त्याचं काही नव्हतं, उलट पंक्चर निघेपर्यंत त्याचीच माणसं तिथं बसत. पण सायकलवाल्यानं दुकान विकलं आणि तिथं काचेचा दरवाजा असलेला कॅफे निघाला.

आणि त्याच वर्षी आमच्या महापालिकेत नवे आयुक्त आले. ते नुकतेच परदेशाचा अभ्यासदौरा करून आले होते. तिकडं म्हणे माणसं फुटपाथवर छत्रीखाली टेबल मांडून कॉफी पितात आणि त्यामुळे शहराला शोभा येते. आपल्याकडेही माणसं फुटपाथवर बसूनच चहा पितात, पण त्यांच्यावर छत्री नसते, हा काय तो फरक. आयुक्तांनी मेन रोडसाठी नियमावली करायला घेतली आणि तिचा मसुदा माझ्याकडे आला.

माझ्याकडे का, ते सांगायला हवं. मी श्रीनिवास करंबेळकर, नगरसचिव कार्यालयातला मुख्य लिपिक. शहरात मला लोक माझ्या हुद्द्यापेक्षा माझ्या मराठीमुळे ओळखत, असं मी समजत असे. बरेचसे ओळखत ते कटकट्या म्हणून. हॉटेलांच्या पाट्यांवर ‘उपहारगृह’ दिसलं की मी आत जाऊन मालकाला सांगत असे, उपहार म्हणजे भेटवस्तू, उपाहार म्हणजे खाणं, पाट्या बदला. हौसाक्कांच्या पाटीवरच्या ‘प’ला मी स्वतः पेंटरला उभं करून काना जोडून घेतला होता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पर साहेब, मी अर्ध्या कपावर घोटभर जास्तीच वततीया रोज. ती भेट न्हवं तर काय?" यावर मी त्यांना उपसर्ग समजावून सांगितला होता.

तर आयुक्तांनी विचारलं, साइडवॉक कॅफेला मराठीत काय म्हणायचं? मी तीन दिवस घेतले आणि शब्द दिला: ‘पदपथोपाहारिका’. सर्वसाधारण सभेत महापौरांना तो तीन प्रयत्नांतही उच्चारता आला नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "ते जे काय आहे ते, मंजूर." मला मात्र वाटलं, भाषेची मोठी सेवा झाली.

नियमावलीत चोवीस कलमं होती. टेबलं किती फुटांची, छत्री कुठल्या रंगाची, चालणाऱ्यांसाठी किती जागा सोडायची, सगळं. त्यातलं एक हौसाक्कांसारख्यांसाठी होतं. फुटपाथवर वीस वर्षांहून जुनं काही असेल आणि ते हलवण्याला मालकाची हरकत असेल, तर त्यानं तीस दिवसांत तसं लेखी द्यायचं. मग सुनावणी होऊन ते ‘जुना वापर’ म्हणून राहू शकणार होतं. हरकत आली नाही तर उचलणार. कलम साधं होतं. हौसाक्कांना मीच ते समजावलं आणि मोठ्या मनानं म्हणालो, अर्ज मी लिहून देतो.

"काय लिवायचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं म्हणणं सांगा. मी नीट मांडतो."

हौसाक्कांनी गाळणी झटकली, विचार केला. "असं लिवा. चाळीस वर्सं झाली बाकड्याला. सायकलवाल्याची हरकत न्हवती, येणाऱ्या-जाणाऱ्याची न्हाई, पोलिसाची न्हाई. कुणाची म्हंजी कुणाची हरकत न्हाई. तवा बाकडं काढू नका. बाकडं गेलं तर हाटेल न्हाई, नुसतं चुलाण ऱ्हातंय."

यातली ‘काढू नका’ आणि ‘चुलाण’ ही दोन्ही वाक्यं मी गाळली. पहिलं उद्धट वाटलं, दुसरं ग्राम्य. त्यांच्या जागी जे लिहिलं ते मला अजून तोंडपाठ आहे: ‘सदर बाक गेली चार दशके प्रस्तुत ठिकाणी असून त्यास कोणाचीही कसलीही हरकत नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देत आहे. तरी याबाबत योग्य तो निर्णय व्हावा, ही नम्र विनंती.’

वाचून दाखवलं. हौसाक्का पदराला हात पुसत ऐकत होत्या.

"लई झाक हाय," त्या म्हणाल्या. "पर त्यात बाकडं ऱ्हाऊ द्या म्हटलंय न्हवं?"

"योग्य तो निर्णय म्हणजे तेच."

त्यांनी अंगठा दिला. चहाचे पैसे घेतले नाहीत. मीही फार आग्रह केला नाही, कारण एवढ्या सुरेख मराठीचं काहीतरी मोल असायला हवंच होतं.

तीस दिवसांत एकशे सेहेचाळीस अर्ज आले. टपरीवाले, फुलवाले, चपला शिवणारे, पाणपोईचं मंडळ, आणि उलट बाजूनं मेन रोडवरचे दुकानदार, ज्यांना हे सगळं हटायला हवं होतं आणि ज्यांनी आपल्या अर्जात ‘नव्या धोरणास आमची हरकत नाही’ असं लिहिलं होतं. आयुक्तांना दोन दिवसांत तक्ता हवा होता. मी दोन रकाने आखले: ‘हरकत’ आणि ‘ना हरकत’. दोन टंकलेखक दिमतीला दिले होते. प्रत्येक अर्ज वाचत बसलो तर आठवडा जाईल म्हणून मी त्यांना सोपी युक्ती सांगितली: अर्जात ‘हरकत आहे’ असेल तर पहिला रकाना, ‘हरकत नाही’ असेल तर दुसरा.

तक्ता तयार झाल्यावर मी तो स्वतः तपासला. ओळ न् ओळ. रात्रीचं जेवणही कचेरीतच मागवलं. सदतीस चुका काढल्या. ‘विनंति’चं ‘विनंती’ केलं, ‘फुटपाथ’चं ‘पदपथ’, ‘उपहार’चं ‘उपाहार’ तर अकरा वेळा. एकशे सेहेचाळीस ओळी मी अक्षर न् अक्षर बघितल्या आणि त्यातली एकही वाचली नाही.

आयुक्तांनी तक्ता चाळला आणि केबिनमध्ये चार अधिकाऱ्यांच्या देखत म्हणाले, "करंबेळकर, या कचेरीत आल्यापासून पहिल्यांदा मी एकही चूक नसलेला कागद बघतोय. सत्तावीस फेब्रुवारीला भाषा दिनाच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार करायचाय आपल्याला." मी हरभऱ्याच्या झाडावर इतका उंच चढलो की खालची माणसं दिसेनाशी झाली.

सुनावणीच्या आदल्या दुपारी अतिक्रमण विभागातला मुजावर माझ्या टेबलाशी आला. फुटपाथवरचा माल उचलायचा ट्रक त्याच्या ताब्यात असायचा. मनानं मऊ माणूस, आणि नशिबानं नेमकं तेच खातं मिळालेलं. हातात तक्त्याची प्रत होती.

"अवो करंबेळकर, हौसाक्कांचं नाव इकडं कसं काय?"

"इकडं म्हणजे?"

"ना हरकतमधी. म्हंजी त्यांनी बाकडं न्यायला परवानगी दिली म्हणा की."

मी कागद ओढून घेतला. अनुक्रमांक एक्क्याण्णव. हौसाबाई शिवराम बेलेकर, चहाचे दुकान. शेरा: कोणाचीही कसलीही हरकत नाही.

एका क्षणात सगळं दिसलं. बाकड्याला कुणाची हरकत नाही, हे त्यांचं म्हणणं. बाकडं हलवायला हरकत नाही, हे माझ्या तक्त्याचं म्हणणं. आणि या दोहोंत फरक करणारं एकच वाक्य होतं, ‘काढू नका’. ते मी उद्धट म्हणून खोडलं होतं.

"मग? दुरुस्त करून टाका की," मुजावर म्हणाला. "कलम चौदा हाय न्हवं तुमचंच?"

कलम चौदा माझंच होतं. अर्ज लिहिणाऱ्याच्या हातून मजकुरात चूक झाली असेल तर लिहिणाऱ्यानं समक्ष सांगितल्यावर सुनावणीत दुरुस्ती करता येईल. म्हणजे मी वर जायचं, आयुक्तांच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, साहेब, त्या एकही चूक नसलेल्या कागदात चूक आहे, आणि ज्या अर्जामुळे ती झाली तो अर्जही मीच लिहिलाय. मराठी माझंच आहे.

"उद्या त्या स्वतः येऊ देत सुनावणीला," मी म्हणालो. "तोंडी सांगितलं की होऊन जाईल. उगाच आज कशाला."

"ना हरकतवाल्यांना बोलावणं न्हाई गेलेलं."

"मग तू सांग ना त्यांना. तुझ्या रस्त्यावरच आहे."

मुजावरनं माझ्याकडे जरा बघितलं आणि तो गेला. माझ्याही रस्त्यावरच होतं ते दुकान. त्या संध्याकाळी मी मागच्या बोळानं घरी गेलो.

सुनावणी सभागृहात होती, सकाळी अकराला. आयुक्त मधे, उपायुक्त बाजूला, आणि डाव्या हाताच्या छोट्या टेबलावर मी, इतिवृत्त लिहायला. समोर खुर्च्यांवर मेन रोडवरची पन्नास-साठ माणसं. हौसाक्का ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून आल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवरून. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली, आपला माणूस आत आहे म्हटल्यावर हलवतात तशी. मी पेनाचं टोपण उघडलं.

त्यांचं नाव पुकारलेलं नव्हतं, त्या स्वतःच उठल्या.

"साहेब, माझ्या बाकड्याचं काय?"

आयुक्तांनी तक्ता उलटला. "हौसाबाई बेलेकर. तुमची तर हरकत नाही ना?"

"न्हाई, कुणाचीच न्हाई!" हौसाक्का आनंदानं म्हणाल्या.

काही माणसं हसली. कॅफेचा मालक मागं बसला होता, तोही हसला. आयुक्त हसले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

"बाई, तुम्ही लिहून दिलंय की तुमची हरकत नाही. म्हणजे बाकडं हलवायला तुमची तयारी आहे."

"तसं कसं, साहेब? बाकड्याला कुणाची हरकत न्हाई, असं म्हटलंय मी. चाळीस वर्सं. बाकडं ऱ्हाऊ द्या, असं म्हटलंय."

आयुक्तांनी टंकलेली प्रत बघितली. पुन्हा बघितली. "‘राहू द्या’ असं यात कुठंच नाही. ‘योग्य तो निर्णय व्हावा’ एवढंच आहे." त्यांनी कागद खाली ठेवला. "अर्ज तुम्ही स्वतः लिहिला?"

"मला कुटं लिवाय येतंय?"

"मग ज्यांनी लिहिला त्यांची चूक झाली असेल तर मार्ग आहे. त्यांनी इथं येऊन तसं सांगायचं, मी आत्ता दुरुस्ती करतो. बाकडं जुन्या वापरात धरलं जाईल. कोणी लिहिला अर्ज?"

सभागृहात वरचा पंखा करकरत होता. मी इतिवृत्ताच्या कागदाकडे बघत होतो. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायची आज लाज वाटते, पण सांगतो. हौसाक्कांचं बाकडं माझ्या मनात नव्हतंच. माझ्या मनात शाल होती. सत्काराची पत्रिका छापायला गेली होती. बायकोनं माहेरी कळवलं होतं. आणि सत्तावीस तारखेला व्यासपीठावर ज्या माणसाच्या मराठीचं कौतुक व्हायचं होतं, त्याला एका चहावालीचं सरळ मराठी नीट लिहिता आलं नाही, हे पन्नास माणसांना कळणार होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ‘साहेब, अर्ज मी लिहिला.’ चार शब्द, त्यात जोडाक्षर एकच. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

"बाई, कोणी लिहिला?" आयुक्तांनी पुन्हा विचारलं.

"एका शिकल्या माणसानं."

"ते इथं आहेत का?"

मी मान वर केली नाही. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, एवढं मला कळत होतं. बराच वेळ बघत होत्या. मग त्यांचा आवाज आला.

"हितं न्हाईत ते, साहेब. आणि त्येंचं काय बी चुकलं न्हाई. माझंच सांगायचं चुकलं असंल. अडाणी बाई मी."

आयुक्त माझ्याकडे वळले. "करंबेळकर, लिहिणारा हजर नसेल तर मुदत संपल्यावर आपल्याला काही करता येतं?"

आणि त्या सबंध सुनावणीतलं माझं एकमेव वाक्य मी बोललो. "मुदत संपल्यानंतर मजकुरात बदल करण्याची तरतूद नाही, साहेब."

हौसाक्का खाली बसल्या नाहीत. नमस्कार करून सरळ दाराकडे गेल्या. मी इतिवृत्तात लिहिलं: ‘अर्जदाराने स्वतःची चूक मान्य केली.’ ‘चूक’मधला ‘चू’ दीर्घ असतो. मी तो दीर्घच काढला.

सत्तावीस तारखेला सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात ‘शुद्धलेखनाचे जाणकार’ऐवजी ‘जाणकर’ छापलं होतं. ते मला व्यासपीठावरच दिसलं. दिसूनही दुरुस्त न केलेली माझी त्या महिन्यातली ही दुसरी चूक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुजावर शेवटच्या रांगेत उभा होता आणि टाळ्या वाजत असताना खिशात काहीतरी शोधत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ट्रक गेला. मी त्या दिवशी रजा काढली होती. ताप आलाय असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुजावर भेटला तेव्हा विचारावंसं वाटत नव्हतं, तरी विचारलं.

"काही बोलल्या का?"

"काय बोलणार? पाण्याचा तांब्या आणून दिला पोरांना. जड हुतं ना."

"आता गोदामात असेल ना? म्हणजे पुढंमागं काही करता आलं तर..."

"ट्रकमधी बसंना," मुजावर म्हणाला. "दहा फुटी हुतं. मधोमध कापून घातलं." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "करवत चालंना त्याच्यावर. शिसव हुतं. तासभर लागला."

पुढचे आठ दिवस मी बोळानं जात-येत राहिलो. कचेरीतला चहा प्यायलो, त्याला पाण्यात बुडवलेल्या पुठ्ठ्याची चव असते. रात्री झोप लागेना. तक्त्यातल्या चुका दिसाव्यात तशा एकेक गोष्टी दिसत. शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुटीत, मी मेन रोडनं गेलो. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. कबुली द्यायची, माफी मागायची, वाटेल ते ऐकून घ्यायचं. कबुलीचा पहिला मसुदा मी कागदावर काढला होता आणि त्यात दोनदा ‘दिलगिरी’ आल्यामुळे एक खोडलाही होता, यावरून माझी योग्यता लक्षात यावी.

कॅफेसमोर चार टेबलं मांडली होती, हिरव्या छत्र्या, कलम सहाप्रमाणे. दोन मुली कॉफी पीत बसल्या होत्या. चारपैकी दोन टेबलं नेमकी बाकड्याच्या जागी होती. हौसाक्कांच्या दुकानासमोर एक हमाल उभ्या उभ्या चहा संपवत होता. त्यानं ग्लास ठेवला आणि निघून गेला. पूर्वी तो तासभर असायचा. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दूध अर्ध्याहून अधिक शिल्लक होतं, दुपारी दोन वाजता.

"या साहेब," हौसाक्का म्हणाल्या. "आजारी हुता म्हणं?"

"नव्हतो," मी म्हणालो. जुळवलेलं सगळं विसरलो. "हौसाक्का, चूक माझी होती. अर्जात तुमचं वाक्य मी खोडलं. तक्ता पण मीच केला. मला सुनावणीच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. मुजावरनं सांगितलं होतं. मी त्या दिवशी बोललो असतो तर बाकडं राहिलं असतं."

एवढं बोलून मी थांबलो. शिव्या येतील म्हणून मान खाली घातली. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

हौसाक्कांनी चुलाणावरचं पातेलं खाली घेतलं. "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"तुमाला कळलं हुतं, ते. तितंच उमगलं मला. समदी माणसं माझ्याकडं बगत हुती, तुमी एकटं कागदाकडं बगत हुता."

"मग सांगितलं का नाही त्यांना? नुसतं बोट दाखवलं असतं तरी झालं असतं. तुमचं सगळं हॉटेल..."

"थांबले हुते की मी. साहेबांनी दोनदा इचारलं, दोन्ही वेळा थांबले. म्हटलं बोलतील. आता बोलतील." त्यांनी ग्लास विसळला, चहा ओतला, आणि नेहमीसारखा घोटभर जास्त ओतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याचं काहीतरी करता आलं असतं. "मग मला कळलं, तुमच्यानं उठवत न्हाई. आणि मी कशी उठवू? चाळीस वर्सं हाटेल चालवलं साहेब. चोर आला, दारू पिऊन आला, पैशाशिवाय आला, बसला की बसला. बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायचं माझ्या तोंडून आजवर निघालं न्हाई."

त्यांनी ग्लास माझ्यापुढं धरला. मी तो घेतला, आणि बसायला काही नव्हतं म्हणून उभ्यानंच प्यायलो.